मागची सीट

"किती जपून आणलंत हो यांना!"

हे वाक्य हाडवैद्याच्या कानावर आदळलं तेव्हा त्याचा एक पाय अजून पेडलवरच होता. सायकल आत्ता कुठे थांबली होती. समोर समुद्र होता, चाकाखाली बंदराची फरशी होती, डोंगरापासून इथपर्यंतचा सगळा रस्ता संपला होता, आणि स्वागताचं पहिलं वाक्य हे. बरं, बोललं कोण, तर कुणी अनोळखी बाई. तिने हाडवैद्याच्या पाठीवर थोपटलंही. घोड्याला थोपटतात तसं म्हणावं तर तेही नाही, घोड्याने निदान गाडी ओढलेली असते. प्रवासात न फुटता पोचलेल्या काचेच्या बरणीवरून हात फिरवावा, तसा तिने हात फिरवला.

हाडवैद्य हे काही त्याचं नाव नव्हे. एका मोठ्या हॉस्पिटलात तो फिजिओथेरपिस्ट होता, पण एवढा लांबलचक शब्द उच्चारताना जिभेला गाठ पडते, म्हणून वॉर्डबॉयपासून बड्या डॉक्टरांपर्यंत सगळे त्याला हाडवैद्यच म्हणत. लहानपणी तापात त्याचे डोळे गेले. तेवढं एक सोडलं तर माणूस दणकट. भलेभले रुग्ण त्याच्या हाताखाली ओरडत आले आणि आपल्या पायांनी चालत घरी गेले. स्वभाव मात्र तिखट. कुणी 'बिचारा' म्हणालं की याचं डोकं फिरलंच म्हणून समजा.

आणि या आंधळ्या माणसाचा जिगरी दोस्त कोण, तर चष्म्याच्या दुकानाचा मालक! यावर दोघांनी मिळून इतके विनोद केले होते की आता एकही शिल्लक उरला नव्हता. डोंगरापासून समुद्रापर्यंत जायचं म्हणून दोन सीटची लांब सायकल चष्मेवाल्यानेच कुठूनशी पैदा केली. पुढे तो, हँडल, ब्रेक आणि गिअर सांभाळायला. मागे हाडवैद्य. मागच्याला धरायला एक दांडा आणि पायाखाली पेडल, बाकी काही नाही. पण त्या सायकलची एक गंमत असते. पुढचं आणि मागचं पेडल एकाच साखळीने बांधलेलं. एक फिरलं की दुसरं फिरणारच. बाहेरून बघणाऱ्याला चार पाय एका तालात फिरताना दिसतात. त्यातले कुठले दोन घाम गाळतायत आणि कुठले दोन नुसते फिरायला आलेत, ते बघून कुणाच्या बापाला कळत नाही. मागे बसलेल्याला मात्र पावला-पावलाला कळतं.

अर्धा रस्ता झाला असेल नसेल, एका घाटात चष्मेवाल्याचा गुडघा गेला. पेट्रोल पंपाच्या ओट्यावर बसवून हाडवैद्याने तो चाचपला. सुजून टम्म झाला होता.

"संपलं," हाडवैद्य म्हणाला. "याच्यावर जोर द्यायचा नाही. मुकाट्याने घरी चल."

चष्मेवाला रडकुंडीला आला. "अरे, गावभर सांगून निघालोय. आता कुठल्या तोंडाने परत जाऊ?"

परत जायचं हाडवैद्याच्याही जिवावर आलं होतं, त्याचं कारण वेगळं होतं. त्याचं कारण होतं ताई. आईवडील गेल्यावर ताईनेच त्याला वाढवलं, शिकवलं, नोकरीला लावलं, सगळं खरं. पण वाढवायचं कुठे थांबवायचं, ते तिला उमगलं नाही. चाळिशीला टेकलेल्या भावाला ती अजून चहा अर्धा कपच द्यायची, सांडेल म्हणून. दिवसभर दुसऱ्यांची हाडं वळवणाऱ्या माणसाच्या शर्टाचं वरचं बटण ही लावणार! हाडवैद्याला दुसऱ्या शहरात चांगली नोकरी चालून आली होती, हॉस्पिटलजवळ एक खोलीही मिळत होती. ताई ऐकूनच गार पडली. "एकटा? तू?" बस, हे दोनच शब्द. महिनाभर घरात धुसफूस चालली. शेवटी ती वैतागून म्हणाली, "ती तुमची सायकल टोकापर्यंत नेऊन दाखव, मग बघू खोलीचं." चष्मेवाल्याचा गुडघा गेल्याचं तिला कळलं असतं तर तिने तासाभरात गाडी पाठवली असती, आणि खोलीचा विषय कायमचा मिटला असता.

म्हणून त्या ओट्यावर दोघांनी ठरवलं. चष्मेवाल्याने रस्ता बघायचा, हँडल धरायचं, ब्रेक मारायचा. पाय पेडलवर नुसते ठेवायचे. ओढायचं काम हाडवैद्याचं. आणि गुडघ्याबद्दल कुणापाशी अवाक्षर काढायचं नाही. रोज संध्याकाळी ताईचा फोन आला की चष्मेवाला छातीठोकपणे सांगायचा, "गुडघे? अहो ताई, रबराचे आहेत!" फोन ठेवला की हाडवैद्य त्याच रबरावर बर्फ चोळत बसायचा. पुढचे सगळे चढ त्याने एकट्याने उपसले. दोन माणसं आणि चार पिशव्या. रात्री पाठ टेकली की मांड्या आपोआप उडायच्या. चष्मेवाला लाजून म्हणायचा, "वैद्या, हे मी जन्मात विसरणार नाही." हाडवैद्य म्हणायचा, "झोप आता."

जन्मात विसरणार नाही म्हणालेला तो माणूस आता बंदरावर, हाडवैद्यापासून हातभर अंतरावर, अनोळखी बाईंना सांगत होता, "अहो, जपावं तर लागतंच."

हाडवैद्याने ते सोडून दिलं. दमलाय, बोलून गेला असेल. तेवढ्यात ताईच्या चपलांचा आवाज आला. ती बसने पुढे येऊन थांबली होती. हाडवैद्याने हात पुढे केला, तर चपला त्याच्या बाजूने पुढे निघून गेल्या आणि चष्मेवाल्यापाशी थांबल्या.

"तुमचे उपकार कसे फेडू हो मी?" ताई म्हणाली. "तुम्ही होतात म्हणून. नाहीतर याचं कसं झालं असतं?"

"छे छे, ताई," चष्मेवाला म्हणाला, "माझं कर्तव्यच होतं ते."

कर्तव्य! हाडवैद्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मग ताई त्याच्याकडे वळली, पदराने त्याचं तोंड पुसलं आणि म्हणाली, "काळवंडलास रे बाळा. पडलाबिडला नाहीस ना कुठे?" त्याने खोलीचा विषय काढायला तोंड उघडलं, पण ती आधीच म्हणत होती, "यांच्यासारखा माणूस सोबत असला की मला घोर नाही. पण असा माणूस रोज कुठे मिळायचा, सांग बरं?"

म्हणजे हिशेब सरळ होता. सायकल टोकाला पोचली, पण हा पोचला नाही. याला पोचवला.

पुढचा तमाशा तिथल्या सायकल क्लबचा. बंदरावर पोचणाऱ्या प्रत्येक सायकलवाल्याला हा क्लब पदक द्यायचा. अध्यक्ष हौशी गृहस्थ, आवाज भसाडा, आणि त्याला जोड म्हणून हातात कर्णा. त्यांनी जाहीर केलं की दोन सीटच्या सायकलीसाठी क्लबचा नियम ठरलेला आहे. चालकाला पदक आणि सहप्रवाशाला रंगीत फीत. चष्मेवाल्याच्या गळ्यात पदक पडल्याचं हाडवैद्याला खणखणाटावरून समजलं. त्याच्या शर्टाला कुणीतरी टाचणीने फीत लावली, आणि ती लावताना "टोचेल हं, घाबरू नका," असंही सांगितलं.

सहप्रवासी! बसमध्ये खिडकीला डोकं टेकून घोरत असतो ना, तो सहप्रवासी. आपला स्टॉप आला की उतरून जातो, तो सहप्रवासी. आणि इथे मांड्यांची लाकडं झाली होती, त्याला काय म्हणायचं?

"घाटात फार त्रास झाला असेल?" अध्यक्षांनी कर्णा चष्मेवाल्यापुढे धरला.

"झाला," चष्मेवाला म्हणाला. "पण थांबलो नाही."

"आणि एवढी जबाबदारी मागे घेऊन!"

"मनात आणलं की होतं सगळं."

त्यातला एकही शब्द खोटा नव्हता, म्हणून तर जास्त संताप येत होता. टाळ्या पडल्या. मग कर्णा हाडवैद्याच्या तोंडाशी आला. अध्यक्षांनी आवाज मऊ केला, लहान मुलांशी बोलताना करतात तसा. "तुम्हाला मागे बसून भीती नाही वाटली?"

"मागे बसून पेडल मारत होतो," हाडवैद्य म्हणाला. "अर्ध्या रस्त्यापासून ही सायकल मी एकट्याने ओढली आहे."

बंदरभर हशा पिकला. "वा!" अध्यक्ष म्हणाले. "पाहिलंत? विनोदबुद्धी कशी शाबूत आहे! आपण डोळस माणसं उगीच रडत असतो." सगळ्यांत मोठं हसू ताईचं होतं. तिला वाटलं, बाळ खुशीत आहे.

हाडवैद्याने चाचपडत चष्मेवाल्याचा दंड गाठला आणि दाबून धरला. "बोल की. तोंडात मूग धरलेस का?"

"आत्ता नको रे," चष्मेवाला कुजबुजला. "रोज फोनवर ताईंना काय सांगत होतो आपण? सगळं खोटं पडेल. घरी गेल्यावर निवांत सांगू."

"ती आत्ता ठरवतेय. घरी गेल्यावर काय सांगणार, कप्पाळ?"

"पाच मिनिटं. वैद्या, पाचच मिनिटं. माझ्यासाठी कुणी कधी टाळ्या वाजवल्यात का सांग? दिवसभर दुकानात 'हे अक्षर दिसतंय का, ते दिसतंय का' एवढंच विचारत असतो मी."

त्याच्या आवाजात खरोखरची अजीजी होती, आणि दुसऱ्या कुठल्याही दिवशी हाडवैद्य विरघळला असता. पण टाळ्या हव्या होत्या तर मागून घ्यायच्या. हाडवैद्याने अर्ध्या वाटून दिल्या असत्या, आनंदाने. याने सगळ्याच खिशात घातल्या, आणि त्यांच्यासोबत एक खोली गेली.

चहाफराळ वर क्लबच्या हॉलमध्ये होता. बंदरापासून हॉलपर्यंत रस्ता चढत जायचा. अध्यक्षांच्या डोक्यातून कल्पना निघाली की दोघांनी सायकलवरूनच वर यावं, मंडळी दोन्ही बाजूंनी टाळ्या वाजवत चालतील, फोटोवाला पुढे पळेल. पिशव्या उतरवल्या. दोघे बसले. ताई मागच्या चाकाजवळ येऊन म्हणाली, "घट्ट धर हं, बाळा."

"तयार?" चष्मेवाल्याने विचारलं.

"तयार," हाडवैद्य म्हणाला, आणि सायकल हलल्याबरोबर त्याने दोन्ही पाय पेडलवरून काढले आणि बाजूला फाकवून धरले.

सपाटीवर कशीबशी चार हात गेली. मग चढ लागला. पुढून "आई गं!" असा कळवळलेला आवाज आला, हँडल वेडंवाकडं झालं आणि चष्मेवाल्याने पाय टेकला. सायकल उभी. टाळ्या दोन पावलं पुढे गेल्या आणि गोंधळून मागे आल्या.

"पाय ठेव ना रे," चष्मेवाला दातांतून म्हणाला.

"मी सहप्रवासी. सहप्रवासी पेडल मारत नसतात."

"गुडघा फुटेल माझा!"

"फुटणार नाही. दुखेल. मी बघितलाय तो."

"अरे, लोक बघतायत."

"बघू देत. त्यांना डोळे आहेत ना?"

"काय झालं?" ताई धावत आली. "बाळाला चक्कर आली का?"

हाडवैद्याने तोंड मिटून घेतलं. आपण बोललो तर पुन्हा विनोदबुद्धी निघेल. बोलायचंच तर याने बोलावं, नाहीतर दोघांनी इथेच उभं राहावं, संध्याकाळपर्यंत. पुढे चष्मेवाल्याचा श्वास जोरजोरात चालला होता. गुडघा ठणकत असणार.  मग तो खाकरला.

"त्याला काही झालेलं नाही," चष्मेवाला मोठ्याने म्हणाला. "झालंय ते मला. घाटात माझा गुडघा गेला. तिथून इथपर्यंत मी पाय नुसते ठेवले होते. ओढलं सगळं याने. पदक याचं आहे."

 सुटलो एकदाचे, असं हाडवैद्याला वाटलं.

"याला म्हणतात मन!" अध्यक्ष कर्ण्यातून गरजले. "स्वतः मरमर मरायचं, आणि श्रेय मित्राला द्यायचं! मंडळी, पुन्हा एकदा होऊन जाऊ दे!"

टाळ्या आधीपेक्षा दुप्पट. "देवमाणूस आहे हो," ताई कुणाला तरी रडत सांगत होती. "याला वाईट वाटू नये म्हणून बघा कसं..."

"अहो, खरं सांगतोय मी!" चष्मेवाला ओरडला.

"हो हो, खरंच, खरंच," चारी बाजूंनी लोक म्हणाले, प्रेमाने.

"माझा गुडघा बघा! हा बघा सुजलाय!"

"सुजणारच!" अध्यक्ष म्हणाले. "दोघांचं ओझं एकट्याने ओढलंत तुम्ही!"

 आपण खरं बोलतोय आणि समोरचे आपल्याकडे बघून नुसते गोड हसतायत, हा अनुभव चष्मेवाल्याला नवीन होता. हाडवैद्याला तो रोजचा होता. पदक गळ्यातून काढल्याचा खणखणाट झाला, मग ते खिशात कोंबल्याचा. पुन्हा बोलला तेव्हा चष्मेवाल्याचा आवाज ओळखू येईना, इतका तो चिडला होता.

"वैद्या, चढ संपेपर्यंत एकट्याने नेशील?"

"घाट काय तू नेलास?"

"सगळ्यांत हलका गिअर टाकतो. एक धक्का देतो, मग दोन्ही पाय बाहेर काढतो, लांब, सगळ्यांना दिसतील असे. बघू दे साल्यांना."

"हँडल सरळ धर म्हणजे झालं."

चष्मेवाल्याने चांगल्या पायाने जमिनीला धक्का दिला. हाडवैद्याने सगळं अंग उजव्या पेडलवर टाकलं. सायकल नाही म्हणाली, मग कुरकुरत हलली. त्याने डावा पाय दाबला. पेडलमध्ये दुसऱ्या कुणाचंही वजन नव्हतं, नुसतं ठेवलेल्या पावलाचंही नाही. पुढचं पेडल रिकामं गरगरत होतं. पहिल्या काही फेऱ्या टाळ्या चालू होत्या. मग त्या विस्कटल्या. कुणीतरी म्हणालं, "अरे, पुढच्याचे पाय बघा!" दुसरं कुणी म्हणालं, "तो पेडल मारतच नाहीये. मग मारतंय कोण?" आणि टाळ्या बंद पडल्या.

मारतंय कोण! इतके दिवस कोण मारत होतं असं वाटलं तुम्हाला? वारा? हे त्याला ओरडून विचारायचं होतं, पण दम चढाला लागत होता. मांड्या पेटल्या. हातातला दांडा घामाने निसटायला लागला. तो प्रत्येक फेरीला एकेकाला पायाखाली घेत होता. ही बरणीवाली बाई. हा कर्णा. ही टाचणी. हे कर्तव्य. आता दोन्ही बाजूंना फक्त लोकांच्या चालण्याचा आवाज होता, आणि सायकलने लय पकडली तसा तोही मागे पडला. त्यांना पायी गाठता येईना.

"आणखी थोडं," चष्मेवाला म्हणाला. "दार दिसतंय. बस, आलं."

ब्रेक लागला. हाडवैद्य उतरला आणि सायकलला धरून उभा राहिला, कारण पाय लटलट कापत होते. चष्मेवाला त्याच्या शेजारी उभा होता. त्याने पदक हाडवैद्याच्या हातात दिलं. हाडवैद्याने ते घेतलं. माफ केलं असं काही त्याच्या मनात नव्हतं, पण पदक त्याचं होतं.

अध्यक्ष धापा टाकत पोचले. "मंडळी," त्यांनी कर्णा वर केला, "आज आपण एक चमत्कार..."

"चमत्कार नाही," हाडवैद्य म्हणाला. "मांड्या आहेत."

कर्णा खाली आला. लोक गोळा होत होते, पण पाठीवर थोपटायला कुणाचा हात पुढे आला नाही. मग ताईच्या चपला वाजल्या. या खेपेस त्या सरळ त्याच्यासमोर येऊन थांबल्या. तिला फार दम लागला होता. आता पदर येईल, तोंड पुसलं जाईल, म्हणून हाडवैद्याने मान ताठ केली. पदर आला नाही. घाम त्याच्या हनुवटीवरून गळत राहिला, आणि ती समोर उभी राहून त्याच्याकडे बघत असावी.

"ती खोली," ताई म्हणाली, "कितव्या मजल्यावर आहे?"

"तिसऱ्या. लिफ्ट नाही."

ताईने पुढचा प्रश्न टाकला. "वरपर्यंत पाणी नीट चढतं का?"

"ते नाही विचारलं."

"मग विचार," ताई म्हणाली. "सगळं काय मीच विचारत बसू?"